आधी बसून दाखवा

सतार हे तंतुवाद्य आहे, असं परीक्षेत लिहिलं की एक मार्क मिळतो. प्रत्यक्ष शिकायला लागलं की कळतं, पहिलं वर्षभर ती गुडघ्यांनीच वाजवायची असते. तारा, पडदे, खुंट्या, जवारी या सगळ्या पुढच्या गोष्टी. शिष्याकडून पहिला स्वर निघतो तो ‘आई गं’ हा, आणि तो दहापैकी कुठल्याच थाटात बसत नाही.

तसा त्रास प्रत्येक वाद्याला आहे. तबला शिकणाऱ्याची बोटं सुजतात, बासरीवाल्याला घेरी येते, सनईवाल्याचे गाल दुखतात. पण ही सगळी दुखणी स्थानिक. सतारीचा कारभार सर्वांगीण. तिचं दुखणं घोट्यापासून सुरू होतं, गुडघा, कंबर, पाठ, खांदा, मान असा आरोह करत वर चढतं आणि डाव्या हाताच्या दोन बोटांच्या टोकांवर सम गाठतं. अवरोह रात्री, झोपायच्या वेळी.

प्रवरेच्या काठावरचं आमचं कोल्हार काही सतारीसाठी प्रसिद्ध नाही. नगर-मनमाड रस्त्याने शिर्डीला जाणारी माणसं ते गाडीच्या खिडकीतून बघतात आणि पुढे जातात. थांबतात ती भगवतीमातेच्या दर्शनासाठी, नाहीतर रस्त्यानेच थांबवलं म्हणून. पलीकडे लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांचा सहकारी साखर कारखाना १९५० साली सुरू झाला, तेव्हापासून पंचक्रोशीच्या बोलण्यात पहिला विषय ऊस आणि दुसरा उसाचा भाव. संगीत म्हणाल तर भजनी मंडळ, हरिनाम सप्ताह आणि लग्नसराईतला डीजे. डीजेसमोर कोणी बसत नाही, त्यामुळे बैठकीचा प्रश्न तिथे येत नाही.

अशा गावात सतारीचा वर्ग निघाला, याचं श्रेय श्रीरामपूरहून दर रविवारी येणाऱ्या एका निवृत्त संगीतशिक्षकांना. वर्ग भरतो एका जुन्या वाड्याच्या माडीवर. शिष्यगण संमिश्र. औषधाच्या दुकानाचे मालक भाऊसाहेब, ज्यांचा दिवस उंच स्टुलावर जातो. कारखान्यात चिटबॉय म्हणून लागून हेडक्लार्क होऊन निवृत्त झालेले अण्णा, ज्यांची हयात खुर्चीत गेली. इंजिनियरिंग अर्धवट सोडून घरची डाळिंबाची बाग बघणारा एक तरुण, जो ट्रॅक्टरवर तरी असतो नाहीतर मोटारसायकलवर. सातवीतली एक मुलगी. आणि अस्मादिक, लेखनिक माणूस, म्हणजे खुर्ची आलीच.

पहिल्या रविवारी गुरुजींनी सतार गवसणीतून काढलीच नाही. म्हणाले, “आधी बसून दाखवा.”

आम्ही बसलेलोच होतो. तसं सांगितलंही.

“ही सत्यनारायणाची मांडी झाली,” गुरुजी म्हणाले. “तीर्थप्रसाद मिळेल. सतार मिळणार नाही.”

मग त्यांनी सतारीची बैठक समजावली. डावा पाय गुडघ्यात दुमडून जमिनीवर आडवा, त्याचा पंजा उजव्या कुल्ल्याच्या बाजूला काढायचा. उजवा पाय त्याच्यावरून ओलांडून डावीकडे न्यायचा, उजवा गुडघा डाव्या गुडघ्याच्या वर आला पाहिजे. डाव्या पायाचा तळवा बाहेर डोकावतो, त्यावर सतारीचा भोपळा टेकतो. दांडी उजव्या मांडीवरून तिरकी वर जाते, जमिनीशी साधारण पंचेचाळीस अंश. उजव्या हाताचा कोपरापुढचा भाग भोपळ्यावर, अंगठा दांडीच्या कडेला शेवटच्या पडद्यापाशी रोवलेला, तर्जनीत मिजराब, म्हणजे तारेची नखी. पाठ ताठ. खांदे सैल. मान सरळ.

“आणि चेहरा प्रसन्न,” गुरुजींनी शेवटी सांगितलं.

एवढ्या सूचनांत ही शेवटची सगळ्यात अवघड निघाली.

चार फूट उंचीचं, तीन-साडेतीन किलोंचं ते वाद्य. वजन फार नाही, पिशवीत घालून बाजारातून तेवढी वांगी आपण हसत आणतो. फरक इतकाच, की वांगी हाताने धरता येतात. सतार हाताने धरायचीच नाही, ही पहिली अट. तिची परीक्षा गुरुजी अचानक घ्यायचे. “डावा हात सोडा!” असं ओरडायचे. बैठक बरोबर असेल तर डावा हात काढला तरी सतार जागची हलत नाही, कारण ती तळवा, मांडी आणि उजवा हात अशा तीन ठिकाणी पेललेली असते. आमच्या वर्गात “डावा हात सोडा” म्हटलं की चार सतारी चार दिशांना माना टाकायच्या आणि गुरुजी क्रिकेटमधल्या स्लिपला उभे असल्याच्या तयारीने पुढे झेपावायचे. हात सोडायचाच अशासाठी, की डाव्या हाताला पुढे पुष्कळ उद्योग आहे. त्याला पडद्यांवरून वरखाली धावायचंय, तार ओढून मींड घ्यायचीय. जो हात दांडीला आधार देत बसला, त्याची गत सुरू होण्याआधीच संपली.

भाऊसाहेबांचा भोपळा तळव्यावरून सारखा घसरायचा. पँट सुळसुळीत कापडाची, त्यात पोट पुढे. ज्या जागी भोपळा यायचा ती जागा आधीच भरलेली. यावर उपाय डाळिंबवाल्या तरुणाने काढला. पंक्चरच्या दुकानातून ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचे वीतभर तुकडे कापून आणले आणि प्रत्येकाच्या मांडीवर एकेक ठेवला. सतार जागच्या जागी चिकटली. मोठे सतारिये अशाच कामाला रबराचा तुकडा वापरतात, असं गुरुजींनीही मान्य केलं. त्यांच्या रबराला वंगणाचा वास येत नसणार, इतकंच.

आता दुखण्याच्या क्रमाकडे येऊ. पहिली पाच मिनिटं माणूस स्वतःवर खूश असतो. आरशात बघितल्यास आपण थोडेफार रविशंकरच दिसू, असा त्याचा समज असतो. मग डावा घोटा जमिनीला टेकलाय याची जाणीव होते. घोट्याला हाड आहे, आणि फरशीला दया नाही. पाठोपाठ उजव्या पायाच्या करंगळीपासून मुंग्या चढू लागतात. पाय दुमडल्याने रक्त अडतं, म्हणून मुंग्या येतात, अशी आपली समजूत. खरी दाबली जाते ती नस. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, पोटरीच्या बारक्या हाडाला वळसा घालून एक नस पावलाकडे जाते. तिथे ती अगदी कातडीखाली असते. एका पायावर दुसरा चढवला की नेमकी ती दबते, पावलाचे निरोप मेंदूकडे पोचेनासे होतात आणि पाय आहे की नाही याविषयी घरातच मतभेद सुरू होतात.

पाय बधिर झाला की शिष्याला बरं वाटतं. चला, एक तक्रार कमी झाली. पण ती जागा लगेच कंबर घेते. पाठ ताठ ठेवा म्हटल्यावर तीन मिनिटं ती ताठ राहते, नंतर माणूस हळूहळू भोपळ्यावर ओणवा होतो. त्याला आणखी एक कारण आहे. सतारीचे पडदे समोरच्या श्रोत्यांकडे तोंड करून असतात. वाजवणाऱ्याला ते कडेने, तिरकेच दिसतात. एकोणीस-वीस पडद्यांतला गंधाराचा कुठला आणि मध्यमाचा कुठला हे बघायला नवशिका मान पुढे काढून दांडीवरून पलीकडे डोकावतो. शेजाऱ्याच्या अंगणात काय चाललंय हे कुंपणावरून बघण्याची आम्हा कोल्हारकरांना सवय आहेच. तिचा उपयोग इथे होईल असं वाटलं होतं. गुरुजींनी ती पहिल्याच दिवशी बंद केली. “बोटांना कळलं पाहिजे. डोळ्यांचं काम नाही हे.” अण्णांना बायफोकल चष्मा. त्यांना तसेही पडदे दुप्पट दिसत होते, त्यामुळे त्यांनी ही सूचना आनंदाने पाळली.

मग नाकाला खाज सुटते. का सुटते याचं शास्त्रीय कारण नाही, पण दोन्ही हात गुंतले आणि दोन्ही पाय अडकले की ती सुटतेच.

तासाच्या शेवटी उठण्याचा कार्यक्रम. तो वर्गाइतकाच चालतो. गुरुजी सतार काढून घेतात, कारण आमच्यापेक्षा तिला जपणं महत्त्वाचं. मग एकेकजण हाताने आपापला पाय उचलून सरळ करतो. मुंग्या जायला लागल्या की येताना आल्या त्याच्या दुप्पट वेगाने जातात, आणि त्या वेळी कोणी पायाला नुसता स्पर्श केला तरी जन्माचं वैर होऊ शकतं. नंतर भिंतीला धरून आम्ही उठतो ते नुकतंच जन्मलेलं वासरू उठतं तसे. वासराला दोन पाय जास्त असतात, ही त्याची सोय. सातवीतली मुलगी या वेळेपर्यंत जिना उतरून, सायकल काढून घरी पोचलेली असते.

बोटांचं प्रकरण वेगळंच. सतारीची मुख्य तार, बाजाची तार, पोलादाची आणि केसाहून थोडीच जाड. ती डाव्या तर्जनीने आणि मधल्या बोटाने पडद्यावर दाबायची, आणि नुसती दाबायची नाही, मींड काढायला पडद्यावरच आडवी ओढायची. कसलेला वादक एका पडद्यावर तार ओढून चार-पाच स्वर घेतो. नवशिका एका ओढीत बोटाला चीर घेतो. मग खोबरेल तेलात भिजवलेला कापूस डबीत घालून शेजारी ठेवायचा, बोट त्यावर फिरवायचं, पुन्हा तार. काही आठवड्यांनी बोटाच्या टोकावर एक काळपट रेघ उमटते आणि तिथे घट्टा पडतो. तो पडला म्हणजे तुम्ही जातीत आलात. डाळिंबवाल्या तरुणाला हे ऐकून फार हळहळ वाटली. त्याच्या हातभर घट्टे होते, कात्रीचे, फावड्याचे, मोटारच्या स्टार्टरचे, पण तर्जनीच्या टोकावर एकही नाही. कोयता धरायची जागा आणि तार दाबायची जागा एकच असती, तर ऊसतोड हंगामानंतर जिल्ह्यात सतारियांचं पीक आलं असतं.

त्या तारेचं आणि शस्त्राचं नातं असं अचानक जुळलेलं नाही. महाराष्ट्रात सतार घ्यायची तर मिरजेला जायचं, हा शिरस्ता. तिथल्या सतारमेकरांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे तलवारींना धार लावणारे कारागीर. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला शस्त्रांचे दिवस सरले तसे फरीदसाहेबांसारखे कसबी कारागीर वाद्यं बनवण्याकडे वळले, आणि पिढ्यान् पिढ्या मिरजेची सतार-तंबोरे देशभर जाऊ लागले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. या सगळ्याबद्दल पूर्ण आदर ठेवून एवढंच म्हणतो, की बाजाची तार पहिल्यांदा ओढली त्या दिवशी त्या घराण्याने धंदा पूर्ण बदललाय असं मला वाटलं नाही.

सतारीचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला पिकतो. तो वाळवून, कापून, तुणाच्या लाकडाची तबली आणि दांडी बसवून वाद्य उभं राहतं. तयार सतार मिरजेहून आमच्याकडे आणायची तर महाराष्ट्र एक्सप्रेस सोयीची. ती अपरात्री बेलापूर स्टेशनात सोडते, जे बेलापुरात नसून श्रीरामपुरात आहे. गाडीत गर्दी असेल तर लोक सतारीला जागा करून देतात, तुम्हाला नाही. “वाद्य आहे, बसू द्या त्याला,” असं म्हणत एका काकूंनी आमच्या सतारीला खिडकी दिली. सतार बसून आली, शिष्य उभा आला. पुढे तसंच व्हायचं होतं, याची ती सूचना समजायला हवी होती. श्रीरामपूरहून कोल्हारपर्यंतच्या रस्त्याने मात्र भेदभाव केला नाही. घरी पोचल्यावर गवसणी उघडली, तेव्हा तरफेच्या तेराच्या तेरा तारा उतरलेल्या होत्या, आणि माझी कंबरही.

गावात बातमी पसरली की सल्ले सुरू होतात. सतार कशी वाजवावी याबद्दल कोल्हारमध्ये कोणालाच मत नव्हतं, पण गुडघे कसे वाजू नयेत याबद्दल प्रत्येकाला होतं. कोणी निर्गुडीचा पाला गरम करून बांधायला सांगितला, कोणी एरंडेल चोळायला. एकाने डिंकाचे लाडू, दुसऱ्याने वजन कमी करा, म्हणजे लाडू बंद. भजनी मंडळातल्या एका बुवांनी विचारलं, “उभं राहून वाजत नाही का ते?” नाही म्हटल्यावर ते विचारात पडले. अण्णांनी तिथल्या तिथे सिद्धान्त मांडला, की पांडुरंगाने युगानुयुगं विटेवर उभं राहणंच पसंत केलं, त्यामागे गुडघ्याचं काही कारण असलं पाहिजे.

या सगळ्या काळात आम्हाला धीर दिला तो एका इंग्रज गृहस्थांनी. बीटल्समधले जॉर्ज हॅरिसन. १९६६ सालच्या सप्टेंबरात ते पंडित रविशंकरांकडे सतार शिकायला मुंबईला आले आणि ताजमहाल हॉटेलात उतरले. वय अवघं तेवीस. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध गिटारवाल्यांपैकी एक, बोटं तयार, कान तयार, पैशाला तोटा नाही. आणि अडलं कुठे? बसण्यात. खुर्चीत वाढलेल्या त्या पायांना ही बैठक काही केल्या मानवेना. शेवटी रविशंकरांनी त्यांच्यासाठी योगासनांचा शिक्षक लावून दिला. हा प्रसंग गुरुजींनी सांगितला तेव्हा भाऊसाहेबांच्या चेहऱ्यावर प्रथमच ती प्रसन्न मुद्रा दिसली. आपला आणि बीटल्सचा गुडघा एकाच परंपरेतला, हे कळल्यावर माणूस पुष्कळ सहन करतो.

आमचं लक्ष मग मोठ्या वादकांच्या पायांकडे जायला लागलं. पूर्वी मैफलीत आम्ही बोटं बघायचो, आता गुडघे बघतो. त्यातून एक सिद्धान्त हाती आला. तज्ज्ञांनी तो तपासावा. सतारवादनात गत सुरू झाल्यावर मधूनमधून तबल्याला जागा देतात. सतारिया नुसती गत धरून ठेवतो आणि तबलजी मोकळा सुटतो. श्रोते तबलजीकडे बघत माना डोलावतात. त्या वेळी तुम्ही सतारियाकडे बघा. तो हलकेच एक कुल्ला उचलतो, पायाची जागा बोटभर बदलतो, रबराचा तुकडा सारखा करतो आणि तबलजीला मनापासून दाद देतो. ती दाद खरी असते. दोन कलाकारांचा संवाद म्हणून समीक्षक जे लिहितात, त्यात हा पायाचा भागही धरायला हवा. आलापात ही सोय नाही. आलापात सतारिया एकटा, म्हणून तो इतका गंभीर दिसतो.

श्रोत्यांचंही तेच. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात भारतीय बैठकीचं तिकीट स्वस्त आणि खुर्चीचं महाग. म्हणजे संगीताच्या जवळ बसण्यापेक्षा पाठीला टेका मिळण्याची किंमत जास्त. भारतीय बैठकीतले रसिक पहिल्या कलाकाराला मांडी घालून ऐकतात, दुसऱ्याला पाय पसरून, तिसऱ्याला कोपरावर रेलून, आणि चौथ्याला ते मागे बटाटेवड्यापाशी उभं राहून ऐकतात. मंचावरचा माणूस मात्र सुरुवातीला बसला तसाच.

या साऱ्या प्रश्नाचा निकाल आमच्या वर्गात लावला तो वाड्याच्या मालकीणबाईंनी. आजींनी ऐंशी ओलांडलीय. त्या एका रविवारी सूप आणि तांदूळ घेऊन माडीवर आल्या, कारण खाली वीज नव्हती आणि वर उजेड होता. आमचं कण्हणं थोडा वेळ ऐकून म्हणाल्या, “का रं, कुणी मारलं का काय तुम्हाला? खालपर्यंत आवाज येऊ राह्यला.”

“बसायला जमत नाही हो आजी,” अण्णा म्हणाले.

“बसायला?” आजींनी असं विचारलं, जणू अण्णांनी श्वास घ्यायला जमत नाही म्हणून सांगितलं होतं. आणि त्या बसल्या. एक पाय आत घेतला, दुसरा त्याच्यावरून टाकला, नऊवारीचा काठ सारखा केला, समोर सूप घेतलं आणि तांदूळ निवडायला लागल्या. पाठ ताठ. खांदे सैल. गुरुजी बघतच राहिले. मग हळूच पुढे होऊन म्हणाले, “आजी, जरा हलू नका,” आणि त्यांनी आपली सतार आजींच्या मांडीवर ठेवली, उजवा हात उचलून भोपळ्यावर टेकवला.

आजींनी सतारीकडे एकदा बघितलं. नातवंड मांडीवर आणून ठेवल्यावर बायका बघतात तेवढंच. आणि डाव्या हाताने तांदूळ निवडणं चालू ठेवलं. सतार तसूभर हलली नाही. एकेक खडा बाजूला पडत होता आणि आम्ही चौघं बाप्ये, ज्यांना “डावा हात सोडा” म्हटलं की घाम फुटायचा, ते त्या डाव्या हाताकडे बघत होतो.

“वाजत का न्हाई हे?” आजींनी विचारलं.

“वाजेल,” गुरुजी म्हणाले. “अवघड भाग झालाय तुमचा.”

आजींनी आयुष्यात सतार पाहिली नव्हती. पण त्या जात्यावर बसल्या होत्या, चुलीपुढे बसल्या होत्या, पंगतीला बसल्या होत्या, बाळंतिणीच्या खोलीत रात्ररात्र बसल्या होत्या. त्यातलं काही हौसेचं नव्हतं आणि त्या कष्टांचं कौतुक करण्यात अर्थ नाही. जातं गेलं ते बरंच झालं. पण जात्याबरोबर जमिनीवर बसणंही गेलं, हे आमच्या लक्षात आलं नाही. कोल्हारात आता लग्नाला पंगत बसत नाही, बुफे उभा राहतो. शाळेत बाकं आली. पारावर प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. सप्ताहातल्या कीर्तनाला मंडपाच्या कडेने खुर्च्यांची रांग लागते आणि ती सगळ्यात आधी भरते. सकाळच्या विधीलासुद्धा खुर्ची. दिवसभरात जमिनीशी संबंध येतो तो चप्पल शोधायला वाकलो तर.

गंमत अशी, की एकेकाळी याच देशाने परदेशी पाहुण्यांना जमिनीवर बसवलं होतं. व्हायोलिन युरोपात उभ्याने वाजतं नाहीतर खुर्चीत. ते आपल्याकडे आलं, आपण त्याला मांडी घालायला लावली आणि त्याचं डोकं घोट्यावर टेकवलं. पेटी आली ती पायाने भाता मारायची, खुर्चीवर बसून. आपल्या संगीत नाटकांत ती पायपेटी बराच काळ ऐटीत वाजली. पण मैफल तर गालिच्यावर. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोलकात्याच्या द्वारकानाथ घोषांसारख्या कारागिरांनी भाता मागे घेतला, पाय काढून टाकले आणि हातपेटी केली. साहेबाच्या वाद्याचे पाय कापले, पण आपली बैठक मोडली नाही. आणि आज वाद्य आपलं, भोपळा आपला, मिरज आपली, फक्त बसणारा सापडत नाही.

तेव्हा हौशी मंडळींसाठी, दुखऱ्या अनुभवातून आलेलं थोडं कामाचं. ढुंगणाखाली दोन-तीन बोटं जाडीची घट्ट गादी घ्या, गुडघे खाली येतात आणि पाठ आपोआप सरळ होते. फरशीवर घोंगडी घाला. सुरुवातीला दहा मिनिटं बसा, उठा, चाला, पुन्हा बसा. मुंग्या येणं हा रियाजाचा भाग आहे. गुडघ्यात कळ येणं हा नाही. आतून टोचल्यासारखं दुखलं की त्याच क्षणी पाय सोडा, आणि दुखणं राहिलंच तर डॉक्टर गाठा, गुरू नव्हे. ज्यांचे सांधे खरोखरच गेलेत, त्यांनी खुर्चीवर बसून, पुढे छोटं स्टँड घेऊन सतार वाजवली तर सरस्वती रागावत नाही. गुरुजी नव्याने येणाऱ्या साठीच्या शिष्यांना हल्ली स्वतःच खुर्ची देतात. रविशंकरांनी वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी, ४ नोव्हेंबर २०१२ ला, कॅलिफोर्नियात लाँग बीचला ऑक्सिजनचा आधार घेऊन शेवटचा कार्यक्रम केला. वाजवायचंच असेल तर शरीराशी तडजोड करता येते. तडजोड आधी करायची आणि वाजवायचं नंतर बघू म्हणायचं, हे जमत नाही.

आमच्या वर्गाची प्रगती विचाराल, तर सातवीतली मुलगी गांधर्व महाविद्यालयाच्या प्रारंभिक परीक्षेला बसतेय. इथे ‘बसतेय’ हे दोन्ही अर्थांनी. आम्ही बाकीचे अजून यमनचा आलाप आणि पायाच्या मुंग्या यांचा मेळ घालतोय. भाऊसाहेबांनी दुकानातलं उंच स्टूल काढून टाकलं आणि गल्ल्यामागे गादी घातली. गिऱ्हाइकाला ते दिसत नाहीत, पण पाठ सुधारलीय.

तुमच्यापैकी कोणाच्या मनात सतार शिकायचं असेल, तर मिरजेचं तिकीट काढण्याआधी एक करा. महिनाभर दोन्ही वेळचं जेवण जमिनीवर बसून जेवा आणि उठताना भिंत धरू नका. जमलं, तर खुशाल सतार आणा. नाही जमलं, तर पेटी शिका, ती मुळात खुर्चीवरचीच आहे. तेही नको असेल तर रेडिओ लावा. ऐकायला खुर्ची चालते.